ऑटोपायलट पृथ्वीवरच का आपटत होता, ते सापडलं

उतरलं एकदाचं! 1993 च्या ‘फ्रंटियर’ या अंतराळखेळाच्या धर्तीवर मी जो खेळ बनवतोय, त्यात गुरूच्या गॅनिमीड या उपग्रहावरून निघालेलं ईगल यान, स्टारड्रीमर (खेळातला वेळ पळवणारी सोय) दहा हजार पटीवर, कीबोर्डला हात न लावता पृथ्वीवरच्या पॅडवर येऊन टेकलं. लँडिंग गिअर शाबूत, यानाच्या कवचाला डेंट नाही. व्यापार, भाव, चाचे, सगळं याच एका गोष्टीपायी अडकून पडलं होतं, त्यामुळे आजचा अपडेट जवळपास पूर्ण ऑटोपायलटवरच आहे.

फ्रंटियरमध्ये तरी ऑटोपायलट कुठे धड होता, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. 1993 साली ज्यांनी तो खेळला, त्यांना स्टारड्रीमर जोरात ठेवून डोळे मिटल्यावर काय होतं ते चांगलं ठाऊक आहे. पण त्या बिचाऱ्याला फ्लोटिंग पॉइंट युनिट (दशांशी गणिताचं सर्किट) नसलेल्या 68000 प्रोसेसरवर, एका फ्लॉपीत, अख्खी आकाशगंगा चालवायची होती. सुमारे अडीच लाख ओळींचा असेंब्ली कोड! आपल्याकडे 64 बिटांचे आकडे आणि रिकामे बसलेले कोअर असताना तीच सबब चालायची नाही.

पहिला अर्धा गुंता मागेच सुटला होता, तरी आकडे परत मांडतो, कारण पुढचं त्यावरच उभं आहे. अंतर 5 खगोलीय एककं (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर), त्वरण 10 जी (पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दहापट), अर्ध्या वाटेत यान उलटं फिरवून ब्रेक. प्रवास होतो साधारण दोन दिवसांचा आणि मधोमध वेग जातो सेकंदाला साडेआठ हजार किलोमीटरवर. खेळ सेकंदाला 60 फ्रेमने चालतो, म्हणजे दहा हजार पटीवर एका फ्रेममध्ये खेळातली 167 सेकंदं सरतात. तेवढ्यात यान 14 लाख किलोमीटर पुढे गेलेलं असतं. गुरूचा व्यास 1 लाख 43 हजार. दहा गुरू ओळीने मांडले तरी यान ते सगळे एका फ्रेममध्ये पार करेल आणि कोलिजन चेकला (टक्कर तपासणाऱ्या कोडला) पत्ताही लागणार नाही.

पाठ्यपुस्तकातलं सूत्र सांगतं की त्वरण आणि उरलेलं अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट करा, वर्गमूळ काढा, तोच तुमचा जास्तीत जास्त सुरक्षित वेग. ते खरंही आहे, पण निर्णय क्षणाक्षणाला घेता येत असेल तर. इथे निर्णय 167 सेकंदांतून एकदाच. त्यामुळे ब्रेक कायम एक फ्रेम उशिरा लागतो, आणि शेवटच्या टप्प्यात यान पुढे-मागे, पुढे-मागे गिरक्या घेत बसतं. उपाय असा की ही फ्रेम आहे त्याच वेगाने जाणार हे गृहीत धरायचं आणि तिच्यानंतर उरणाऱ्या अंतरात थांबता येईल असा वेग काढायचा. साधं वर्गसमीकरण आहे. त्वरण गुणिले फ्रेमचा वेळ, याला म्हणू ‘क’. ‘क’चा वर्ग अधिक त्वरण-अंतराच्या गुणाकाराची दुप्पट, त्याचं वर्गमूळ, वजा ‘क’. एवढ्या एका ओळीने गिरक्या बंद झाल्या. ग्रहाजवळ स्टारड्रीमर आपोआप खाली उतरतो ती सोय वेगळी, ती आहेच.

आता मुख्य भानगड. हे सगळं झाल्यावरही पृथ्वीकडे जाणारं यान एक लाख किलोमीटरवर आलं की पिसाळायचं. नाक एकदम आडवं फिरायचं, मुख्य थ्रस्टर बाजूला आग ओकायचा, ब्रेकची वेळ टळायची आणि काही मिनिटांत समुद्रात खड्डा. गंमत म्हणजे शुक्रावर असं कधीच होत नव्हतं. गॅनिमीडवरही नाही.

पहिला संशय अचूकतेवर गेला. 32 बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांशी आकडा साठवायचा प्रकार) सूर्यापासून एक खगोलीय एकक अंतरावर दोन शेजारच्या आकड्यांमध्ये तब्बल 16 किलोमीटरची फट असते, तेव्हा संशय वाजवीच होता. पण आपली स्थानं केव्हाच 64 बिटांच्या डबलमध्ये नेलेली आहेत, तिथे ही फट 0.03 मिलिमीटर. शिवाय चित्र काढताना सगळं कॅमेऱ्याच्या सापेक्ष वजा करूनच इंजिनकडे जातं. (जे गोडो हे गेम इंजिन वापरतायत त्यांच्यासाठी: डबल प्रिसिजनचं बिल्ड सोर्समधून स्वतः कंपाइल करावं लागतं. मला विचाराल तर त्या वाटेला जाऊ नका, भौतिकी बाहेर ठेवा आणि इंजिनला फक्त वजाबाकी द्या.) मग गुरुत्वाकर्षणावर संशय. तोही फोल, कारण 10 जीच्या थ्रस्टरपुढे पृथ्वीचं 1 जी काय करणार? कंट्रोलरचे गेन (चूक किती जोराने सुधारायची ते आकडे) वरखाली करून पाहिले, तर यान तेवढंच पिसाळायचं, फक्त वेगळ्या दिशेला.

सुटलं ते शुक्रामुळे. पृथ्वी आणि शुक्र, आकार जवळपास सारखा, वस्तुमानही फार लांब नाही. मग फरक कशात? शुक्राला स्वतःभोवती फिरायला 243 दिवस लागतात! लॉग काढला तर एका पायरीत आडवा वेग जवळपास शून्य आणि लगेच पुढच्या पायरीत सेकंदाला 7.29 किलोमीटर. पृथ्वीचा कोनीय वेग गुणिले एक लाख किलोमीटर करून पाहा, बरोबर 7.29 येतात. शुक्रासाठी हाच हिशेब केला तर सेकंदाला 30 मीटर. ते थ्रस्टर एका झटक्यात गिळून टाकतात, म्हणून तिथे काही दिसतच नव्हतं.

म्हणजे झालं असं की प्रत्येक ग्रहाभोवतीची संदर्भ चौकट (जिच्या सापेक्ष यानाचा वेग मोजला जातो ती) ग्रहाबरोबर फिरणारी होती आणि ती थेट एक लाख किलोमीटरपर्यंत पसरली होती. सीमा ओलांडली की यानाला वाटतं, आपण अचानक आडवे सुटलोय. ते इमानदारीत तो वेग मारायला जातं. 10 जीने 7.29 किलोमीटर मारायला 74 सेकंद. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं, पण आता यान खरोखरच दिवसाला एक फेरी या गतीने पृथ्वीभोवती फिरायला लागलेलं असतं. खाली येईल तसा कोनीय संवेग टिकवायला त्याचा आडवा वेग पुन्हा वाढतो, कोरिऑलिस म्हणतात तो हाच. ऑटोपायलट परत आडवा वळतो, मग परत. उभ्या दिशेने ब्रेक लावायला त्याला सवडच मिळत नाही.

आता प्रत्येक ग्रहाला दोन चौकटी दिल्यात. बाहेरची ग्रहाबरोबर सरकते पण फिरत नाही. आतली फिरते, पण ती वातावरणाच्या जरा वर संपते. ऑटोपायलटचं सगळं गणित बाहेरच्या चौकटीत चालतं, आणि पॅडचा स्वतःचा वेग (विषुववृत्तावर सेकंदाला 465 मीटर) लक्ष्याच्या वेगात आधीच मिळवलेला असतो. त्यामुळे आतल्या चौकटीत शिरताना यान जमिनीच्या तालावरच असतं. ‘पायोनियर’ या मुक्त स्रोत अंतराळखेळामध्येही फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या अशा जोड-चौकटी आहेत. ज्यांना कोड वाचायचाय त्यांनी तिथूनच सुरुवात करावी, फार नीटस काम आहे.

पहिल्यांदा बरोबर उतरताना पाहिलं तेव्हा मुद्दाम स्टारड्रीमर एक पटीवर आणला. शेवटच्या किलोमीटरमध्ये पॅडचे दिवे काचेत अगदी स्थिर. आधी ते सतत एका बाजूला घरंगळत जायचे. मागे जाऊन सेव्ह परत लोड केली आणि तेच उतरणं पुन्हा बघितलं. निव्वळ चैन.

पुढचा बेत व्यापाराचा होता. सूर्यमाला ते बर्नार्डचा तारा ही सहा प्रकाशवर्षांच्या आतली फेरी रात्रभर आपोआप चालवायची आणि रोबो नि चैनीच्या वस्तूंचे भाव कुठे घसरतात ते पाहायचं. पण हे लिहितानाच डोक्यात आलं की ऑटोपायलटला फक्त ‘लक्ष्याचं स्थान’ आणि ‘लक्ष्याचा वेग’ लागतो. लक्ष्य ग्रहच असावं असं कुठे लिहिलंय? खेळाडूच्या मागे दोन किलोमीटरवरचा एक बिंदू दिला आणि वेग खेळाडूचाच दिला, तर चाच्याचं यान आपसूक शेपटीला चिकटेल. न्यूटनच्या नियमांवर चालणाऱ्या लढाईचं जुनं दुखणं हेच की यानं समोरून येतात, एक लेझर मारायला मिळतो न मिळतो तोच बाजूने निघून जातात आणि मग वळून परत यायला युगं लावतात. इथे दोघांचा सापेक्ष वेग कमी राहील, लढाई जवळून होईल.

लिहिणं थांबवून एका सायडवाइंडर यानावर लगेच लावून बघितलं. चालतंय, जरा जास्तच चालतंय. खेळाडूने यानाचं नुसतं नाक फिरवलं की तो बिंदूही फिरतो आणि चाचा त्याच्या मागे इंधन जाळत धावतो. तेव्हा बिंदू यानाच्या नाकावरून नाही, तर प्रवासाच्या दिशेवरून ठरवायला हवा. व्यापार पुढच्या खेपेला.

जॉयस्टिकचं विचारणाऱ्यांसाठी: पोटेन्शिओमीटरवाली (घासणाऱ्या संपर्काने कोन मोजणारी) घेऊच नका. एका विक्रेत्याने ‘हॉल सेन्सर’ (चुंबकाने कोन मोजणारी) म्हणून विकलेल्या जॉयस्टिकमध्ये आत साधा पोटेन्शिओमीटरच निघाला, आणि मधोमध ठेवली तरी यान डावीकडे कलतं. फ्रंटियर तसाही माउसने उत्तम खेळता येतो.

ताऱ्यांच्या नकाशातला 655.36 प्रकाशवर्षांचा जुना घोळ मात्र मी ठेवणार आहे. मूळ खेळात अंतर प्रकाशवर्षाच्या शंभराव्या भागांत 16 बिटांत मोजल्याने 65,536 झाले की आकडा शून्यावर यायचा आणि तेवढ्या लांबचा तारा अगदी हाताशी दिसायचा. आपल्या 64 बिटांत हे आपोआप होणार नाही, म्हणून तो घोळ हाताने लिहून घातलाय. सेटिंगमधून बंद करता येईल, पण चालू हाच डिफॉल्ट.

एक गोष्ट अजून नडते, टायटन. पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीच्या दीडपट, आणि ब्रेकच्या गणितात हवेचा रोध धरलेलाच नाही. यान वेळेच्या फार आधी थांबतं आणि मग उरलेलं अंतर रांगत उतरतं. रोध थेट समीकरणात घालावा, की वातावरणात शिरल्यावर दुसराच कंट्रोलर हातात घ्यावा? मी दुसऱ्याकडे झुकलोय.