गर्दीत चालायचं, जेवणाच्या सुट्टीत बंद पडायचं

आमचे एक क्लायंट आहेत, मस्जिद बंदरला मसाल्याचा होलसेल धंदा. बिलिंगचा नोडमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये) लिहिलेला सर्व्हर पेढीच्या पोटमाळ्यावर आणि पोस्टग्रेस डेटाबेस गूगल क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये, कारण तोच स्टॉक वाशीच्या गोदामालाही दिसायला हवा. मधे क्लाउड एसक्यूएलचा (गूगलच्या डेटाबेस सेवेचा) नोड कनेक्टर, म्हणजे सर्व्हरला डेटाबेसशी सुरक्षित जोडून देणारी लायब्ररी. सकाळच्या गर्दीत पोरं धडाधड बिलं काढायची, एखादं बिल अडकलं तर परत बटण दाबायची. दुपारी सगळे जेवून परत आले की मात्र पहिल्या बिलापासून सगळंच ठप्प, आणि लॉगमध्ये फक्त "कनेक्शन टर्मिनेटेड अनएक्स्पेक्टेडली", म्हणजे कनेक्शन अचानक तुटलं.

आमच्या सीनियरचं ठाम मत, डेटाबेसवर लोड येतोय, मोठं मशीन घ्या. शेठ पैसे द्यायलाही तयार झाले होते. पण त्याच वेळी वाशीचं गोदाम मजेत चालू असायचं, डेटाबेस तोच! आणि लोडने बंद पडणारी गोष्ट नेमकी सगळे जेवायला गेल्यावर कशी बंद पडेल, हे मी मीटिंगमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं नाही, विषय बदलला. आपल्याकडे मोठं मशीन घेणं हा उपाय फार लवकर सुचतो.

तिथले नेटवर्कवाले दादा येऊन रिस्टार्ट करायचे की लगेच चालू. एकदा ते सुट्टीवर होते म्हणून मी अंधेरीहून व्हीपीएनने रिस्टार्ट केलं, तर चालूच होईना. तीच मशीन, तोच कोड, तीच कमांड. पेढीवरची पोरं म्हणाली, दादांचा हातच लागायला लागतो. मला ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः पोटमाळ्यावर जाऊन दादा काय काय करतात ते बघत बसलो.

आता इथे कनेक्टर कसा चालतो ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं तो नुसता पासवर्ड घेऊन डेटाबेसला जोडून देतो. तसं नाहीये. तो आधी मेमरीत स्वतःची किल्ल्यांची जोडी (की) तयार करतो, त्यातली उघड करता येणारी पब्लिक की गूगलच्या अ‍ॅडमिन एपीआयकडे (डेटाबेसचा कारभार बघणाऱ्या सेवेकडे) पाठवतो आणि तिथून एक तासाचं क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, आणतो. ते दाखवून डेटाबेसच्या 3307 पोर्टवर टीएलएस (एन्क्रिप्टेड) जोडणी होते, पोस्टग्रेस असलं तरी त्याच्या नेहमीच्या 5432 वर नाही, यावर दादांशी आधीच एक वाद होऊन गेला होता. तास संपायच्या आत कनेक्टर मागच्या मागे नवीन सर्टिफिकेट आणतो. म्हणजे रस्ते दोन आहेत, डेटाचा 3307 वरून आणि सर्टिफिकेटचा वेबच्या साध्या 443 वरून.

तर दादा आले, सर्व्हरवरच ब्राउझर उघडला, फायरवॉलच्या पानावर स्वतःचं लॉगिन टाकलं (त्या पेढीत लॉगिनशिवाय इंटरनेट नाही), सर्व्हिस रिस्टार्ट केली, चालतंय बघितलं, लॉगआउट केलं आणि निघाले. माणूस एकदम शिस्तीचा, लॉगिन उघडं ठेवून कधी जाणार नाही. ते गेल्यावर मी तिथेच कर्ल या कमांडने अ‍ॅडमिन एपीआयला हाक मारून बघितली, तर पलीकडून ओळख म्हणून आलेलं सर्टिफिकेट गूगलचं नव्हतंच, पेढीच्या फायरवॉलचं होतं! 3307 ला दादांनी कायमची परवानगी दिली होती, 443 मात्र लॉगिनमागे. रिस्टार्टने काही होतच नव्हतं, दादांच्या लॉगिनमुळे एका तासाचं सर्टिफिकेट मिळत होतं, एवढंच.

मग गर्दीत तासाच्या पुढेही कसं चालायचं? कारण सर्टिफिकेट फक्त जोडणी करताना तपासलं जातं, एकदा उघडलेलं कनेक्शन नंतर चालत राहतं. आणि नोडच्या पीजी लायब्ररीचा पूल (पोस्टग्रेसची उघडी कनेक्शनं परत वापरायला ठेवणारा साठा) 10 सेकंद रिकामं बसलेलं कनेक्शन बंद करून टाकतो, डिफॉल्टच तसा आहे. गर्दीत जुनी कनेक्शनं रिकामी बसायचीच नाहीत, नवीन उघडायला गेलं तरच एखादं बिल अडकायचं. जेवायला उठले की 10 सेकंदांत सगळी बंद, आणि परत आल्यावर नवीन उघडायला हातात चालू सर्टिफिकेट नाही. हे जुळलं तेव्हा मी पोटमाळ्यावरून खाली दादांना ओरडूनच सांगितलं.

त्यांनी अ‍ॅडमिन एपीआय आणि त्याला हाक मारायला लागणारं टोकन जिथून मिळतं तो पत्ता, दोन्ही त्या सर्व्हरपुरते लॉगिनशिवाय उघडून दिले, अगदी पटकन, कसलीही कुरकुर नाही. मशीन मोठं केलं नाही. मी हेल्थ चेकही (सगळं चालू आहे का ते तपासणारा प्रोग्रॅम) बदलला, आता तो पूलमधलं जुनं कनेक्शन न वापरता दर वेळी नवीन उघडून बघतो.

सीनियरचं अजून म्हणणं आहे की 10 सेकंदांचे तीस मिनिटं करून टाकू, म्हणजे असं परत दिसणार नाही. तेच तर मला नकोय. तीस मिनिटं असती तर जेवणाच्या सुट्टीत काही बंद पडलं नसतं आणि हा दोष कधीतरी दिवाळीच्या सीझनमध्ये भर गर्दीत वर आला असता. दुसरीकडे प्रत्येक नवीन जोडणीचा टीएलएसचा वेळ काउंटरवरच्या पोरांना भोगावा लागतो, हेही खरंय. सध्या 10 च ठेवलेत, सीनियरशी अजून वाद चालू आहे.