बाहेरचे दिवे: उडालेल्या बल्बांचं शवविच्छेदन

पाच महिन्यांत बाहेरच्या तीन दिव्यांनी मिळून अकरा बल्ब खाल्ले. आधी मी नुसत्या कंपन्या बदलत बसलो, फरक शून्य. मग उडालेला प्रत्येक बल्ब, वर मार्करने दिवा आणि तारीख लिहून, डब्यात टाकायला लागलो. रविवारी डबा टेबलावर उपडा केला.

मागच्या दाराचे चारही बल्ब एकाच दुखण्याने गेलेले. आतल्या कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या नळकांड्याचं) डोकं फुगलेलं, ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटची, पाटी कडेने तपकिरी. म्हणजे उष्णता. हा दिवा काचेच्या बंद गोळ्यातला, पाणी शिरू नये म्हणून गॅस्केट घट्ट, आणि आत मी कोंबलेला १२ वॉटचा एलईडी. थर्मामीटरचा प्रोब आत सोडला. दोन तासांनी ७४ अंश. असल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण दर १० अंशांमागे निम्मं होतं, मग तो टिकणार कसा? आता ५ वॉटचा लावलाय, ५१ अंशांवर थांबतो. उजेड कमी आहे, पण कुलपाचं भोक दिसतं. ‘बंद फिटिंगमध्ये वापरू नये’ हे खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतंच. वाचतो कोण!

भिंतीवरच्या दिव्याने तर मला चक्क उल्लू बनवलं. त्याच्या तीन ‘उडालेल्या’ बल्बांपैकी दोन टेबललॅम्पला लावले तर लख्ख पेटले. तिसऱ्याच्या बुडावरचा डाख वितळून खड्डा पडला होता. दोष होल्डरचा: मधली पितळी पत्ती दबलेली, बल्बला जेमतेम टेकायची आणि स्पार्किंग व्हायचं. मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री केली, कार्बन खरवडला, पत्ती उचलली. आठवड्यात ती परत बसली, कारण तापून तिच्यातला ताठपणाच गेला होता. शेवटी पोर्सिलेनचा नवा होल्डर टाकला.

गेटच्या दिव्याने खरा घाम काढला. चारही बल्बांत ड्रायव्हरच्या तोंडाशी असलेला फ्यूज रेझिस्टर (करंट जास्त झाला की आधी स्वतः जळणारा भाग) जळालेला, बाकी सगळं ठणठणीत. व्होल्टेज जास्त येत असेल म्हणून संध्याकाळभर मल्टीमीटर लावून बसलो: २२८ ते २३९. त्यात काही वावगं नाही. जंक्शन बॉक्स उघडला, न्यूट्रलचा जोड ओढून पाहिला, पक्का. मग वैतागून एक दिवस अंधार पडायच्या वेळी खुर्ची टाकून नुसता बघत बसलो.

दिवा लागला. विझला. परत लागला. वीस मिनिटांत सतरा वेळा! खांबाला मध्यंतरी पांढरा रंग दिला होता. त्यावरून परतलेला उजेड दिव्याखालच्या लाइट सेन्सरवर पडायचा, सेन्सरला वाटायचं दिवस उगवला, तो दिवा बंद करायचा, की परत अंधार. प्रत्येक वेळी चालू होताना रिकामा कपॅसिटर एका दमात भरतो आणि तेवढा करंट त्या बिचाऱ्या रेझिस्टरमधून जातो. पूर्ण अंधार झाला तरी खेळ चालूच. आणि मी पाच महिने घरात बसून बल्बवाल्यांना शिव्या घालत होतो.

सेन्सरभोवती काळ्या पाइपचा तुकडा बसवून तोंड आकाशाकडे वळवलं. आता संध्याकाळी दिवा एकदाच लागतो. आज २३ दिवस झाले. गेटचा आधीचा विक्रम ४१ दिवसांचा, तो मोडेपर्यंत पाइप चिकटपट्टीवरच राहील.