मऊ आमिषांसाठी प्लास्टरचा साचा: पाण्याचा हिशेब

गळाला लावायची मऊ आमिषे घरी ओतायची असतील, तर सुरुवात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यापासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे. हे प्लास्टर घट्ट होताना अगदी किंचित फुगते आणि नमुन्याच्या बारीकसारीक खाचांत शिरते, त्यामुळे अळीच्या अंगावरच्या वळ्या आणि शेपटीची पातळ कड साच्यात जशीच्या तशी उमटते. मात्र साचा चांगला होणार की वाया जाणार, हे शेवटी त्यातल्या पाण्यावर ठरते.

नमुना म्हणून तयार आमिष घ्यावे आणि त्याची सपाट बाजू डब्याच्या तळाला गोंदाने पक्की चिकटवावी. ते नुसते ठेवले तर प्लास्टर खाली शिरते किंवा आमिष तरंगून वर येते. नमुन्याला आणि डब्याला पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा, पण तो इतका पातळ असावा की बोटांचे ठसे साच्यात उतरणार नाहीत. प्लास्टर नेहमी पाण्यात भुरभुरावे, पाणी प्लास्टरवर ओतू नये. भुकटी स्वतःहून भिजेपर्यंत मिनिटभर थांबून मग सावकाश ढवळले की गुठळ्या होत नाहीत आणि हवेचे बुडबुडेही कमी धरतात. ओतण्याआधी नमुन्यावर ब्रशने प्लास्टरचा एक पातळ थर लावला, तर डोळ्यांच्या आणि खवल्यांच्या खाचांत हवा अडकत नाही.

अर्ध्या तासात साचा घट्ट होतो आणि हाताला गरम लागतो, पण घट्ट झालेला साचा म्हणजे वाळलेला साचा नव्हे. १०० ग्रॅम प्लास्टरला घट्ट होण्यासाठी रासायनिकदृष्ट्या सुमारे १९ ग्रॅमच पाणी लागते, आणि मिश्रण ओतण्याजोगे व्हावे म्हणून आपण मात्र ७० ग्रॅमच्या आसपास पाणी घालतो. म्हणजे ५०० ग्रॅम प्लास्टर आणि ३५० ग्रॅम पाणी घेतले, तर जवळजवळ २५५ ग्रॅम पाणी साच्यात नुसते मुरून बसलेले असते आणि ते सगळे उडून जावे लागते. आमिषाचे द्रव प्लास्टिक, म्हणजे प्लास्टिसॉल, साधारण १७५ अंश सेल्सिअसला ओततात. ओल राहिलेल्या साच्यात त्याची गाठ पाण्याशी पडते, क्षणात वाफ होते आणि उकळते प्लास्टिक अंगावर उडू शकते. वरून कोरडा दिसणारा साचा आत ओला असू शकतो, म्हणून डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा वजनकाटा वापरावा. रोज वजन करावे आणि ते उतरायचे थांबले की साचा वाळला असे समजावे. वरच्या उदाहरणात ते ५९५ ग्रॅमच्या जवळपास स्थिरावेल. घाई म्हणून साचा कडक भट्टीत घालू नये, कारण जास्त उष्णतेने प्लास्टरने धरून ठेवलेले पाणीही सुटू लागते आणि साचा ठिसूळ होतो. हवेशीर जागा आणि पंखा पुरेसा आहे.

पूर्ण वाळल्यावरच पांढरा गोंद पाण्यात पातळ करून त्याचे दोन-तीन हात द्यावेत आणि प्रत्येक हात नीट सुकू द्यावा. आधी लेप दिला तर ओल आतच कोंडली जाते. लेपच दिला नाही तर आमिषाला चकाकी येत नाही.

प्लास्टिसॉल तापवताना दुधाळ द्रव आधी दाट होतो आणि मग पातळ व पारदर्शक होतो. तीच ओतण्याची वेळ. तो पिवळा पडू लागला तर जळतो आहे आणि त्याची वाफ घातक आहे, त्यामुळे हे काम उघड्यावर, चष्मा व हातमोजे घालूनच करावे आणि त्याची भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत. निमुळत्या शेपटीकडून बारीक धारेने ओतत जावे आणि साचा किंचित फुगीर भरावा, कारण थंड होताना प्लास्टिक आकसते आणि मधोमध खळगा पडतो. पहिल्या एक-दोन आमिषांना साच्याची पांढरी भुकटी चिकटून येते. ती आमिषे वितळवून पुन्हा वापरू नयेत.