बटण लावून देणार नाही, लावायला शिकवते

रोज सायकल चालवणाऱ्या माणसाची जीन्स कुठे फाटते हे मला आता तोंडपाठ झालंय. गुडघ्यावर नाही, खिशापाशी नाही, बरोब्बर सीटवर घासते तिथे, दोन मांड्यांच्या मध्ये. आम्ही आइंडहोवनला राहतो, म्हणजे नेदरलँड्समध्ये, आणि इथे सगळेच सायकलवर, त्यामुळे रिपेअर कॅफेत माझ्या टेबलावर येणाऱ्या कपड्यांत निम्म्या तरी अशाच जीन्स असतात, आणि पिशवीतून काढताना माणूस जरा लाजतो, धुतलेली आहे हां असं आधीच सांगून टाकतो.

रिपेअर कॅफे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महिन्यातल्या एका शनिवारी वस्तीच्या हॉलमध्ये टेबलं मांडतात, एकावर इलेक्ट्रिकवाले, एकावर सायकलवाले, एकावर लाकूडकामवाले, एकावर आम्ही शिवणवाल्या, सगळे व्हॉलंटियर. पैसे कोणी मागत नाही, दाराशी एक बरणी असते तिच्यात ज्याला जे वाटेल ते टाकायचं, आणि कॉफी आणि कोणीतरी घरून करून आणलेला अॅपल केक. ही कल्पना याच देशातली. मार्टिने पोस्टमा नावाच्या पत्रकार बाईंनी 18 ऑक्टोबर 2009 ला अॅमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला, आणि आता जगभरात अडीच हजारांच्या वर झालेत. आपल्याकडे बंगळुरूला 2015 पासून आहे, तोही दोघी जणींनी सुरू केलेला, अंतरा मुखर्जी आणि पूर्णा सरकार.

आता भारतातून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो की यासाठी कॅफे कशाला हवा, दुकानात द्या की. तर इथे माणसाच्या तासाला किंमत आहे, टोस्टर दुकानात नेला तर नुसता उघडून बघायचेच एवढे पैसे सांगतात की तेवढ्यात नवा येतो. कपडे, बूट, सायकल यांच्या दुरुस्तीवर सरकार टॅक्स कमी लावतं, 21 ऐवजी 9 टक्के, तरीसुद्धा पँटला नवी चेन बसवायचे पैसे ऐकले की लोक सेलमधली नवी पँट घेऊन मोकळे होतात. म्हणजे दुरुस्तीचा धंदा जवळजवळ बसला, आणि मग ती रिकामी जागा रिटायर्ड लोकांनी येऊन भरली. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्याकडे इलेक्ट्रिकच्या टेबलावर बसणारे आजोबा बहुतेक फिलिप्समधून रिटायर झालेले, कंपनी याच गावात 1891 साली सुरू झाली त्यामुळे गल्लीत दगड मारला तर तिथल्या माजी इंजिनियरलाच लागेल. यांच्याकडे सगळ्यात जास्त येते कॉफी मशीन. बऱ्याचदा आत क्षार साचलेले असतात बाकी काही नाही, नाहीतर थर्मल फ्यूज, म्हणजे मशीन जास्त तापलं की उडतो तो, उडालेला असतो, तो पार्ट स्वस्तातला असतो पण तिथपर्यंत पोचायला खोकं उघडावं लागतं आणि हल्ली खोकी उघडतच नाहीत, स्क्रूच्या जागी चिकटवलेली असतात, किंवा स्क्रू असलाच तर असल्या विचित्र डोक्याचा की साधा पेचकस बसत नाही. आजोबा लोक यावर डच भाषेत जे बोलतात ते मी इथे लिहीत नाही. प्रत्येक वस्तूचा एक फॉर्म भरायचा असतो, किती जुनी, काय बिघडलं, झाली की नाही, नाही झाली तर का नाही. मला आधी वाटायचं काय ही कारकुनी, पण देशोदेशीचे असे फॉर्म एकत्र करून त्यातूनच दाखवता येतं की वस्तू नीट होत नाहीत त्या पार्ट मिळत नाहीत किंवा उघडत नाहीत म्हणून, आणि दुरुस्तीच्या हक्कासाठी भांडणारे लोक हा डेटा वापरतात. युरोपात 2024 मध्ये तसा कायदाही झाला. पण त्यात वॉशिंग मशीन, फ्रिज, फोन असल्या वस्तू, कपडे नाहीत. कपड्यांचं आपलं आपणच बघायचं.

तर माझं टेबल. माझ्याबरोबर दोन डच आज्या असतात, त्यांना शाळेत शिवणकाम सक्तीचं होतं, मोजा रफू करून दाखवल्याशिवाय बाई सोडायच्या नाहीत म्हणे. माझं शिक्षण आपलं कार्यानुभवाच्या तासाचं, रुमालावर धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, आणि उरलेलं आईच्या मशीनवर. गंमत म्हणजे आमच्या टेबलावर कपड्यांइतकीच शिलाई मशीनंही येतात. लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेली, नंतर "बिघडली". दहातली सात-आठ बिघडलेली नसतातच हो, सुई उलटी बसवलेली असते, नाहीतर दोरा ओवताना मशीनचा पाय, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरतो तो, खाली असतो. पाय वर असला की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतो, पाय खाली ठेवून ओवला की तो वरच्या वर राहतो, मग खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो आणि माणूस बॉबिनला शिव्या घालत बसतो. पाय वर, नवी सुई, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा कचरा ब्रशनं काढला, झालं मशीन सुरू. माणूस इतका खूश होतो की बरणीत नोट टाकतो.

पण मला ज्याबद्दल लिहायचंय ते हे नाही. रिपेअर कॅफेचा खरा नियम असा की वस्तू टाकून जायचं नाही, शेजारी खुर्ची घेऊन बसायचं आणि हात लावायचा. कागदावर नियम छान, प्रत्यक्षात लोक पिशवी ठेवतात, कॉफी घ्यायला जातात आणि केकपाशी गप्पा मारत उभे राहतात. आणि आपलं पण कसंय, रांग लागलेली असते, आपल्याला दहा मिनिटांत होणारं काम शिकवायला चाळीस मिनिटं लागतात, हात शिवशिवतात की द्या इकडे मीच करते. आमच्यातल्या एक आजी सरळ तसंच करतात, दिवसाला ढीगभर कपडे उरकतात, आणि तेच लोक पुढच्या वेळी तोच जॅकेटाच्या चेनचा रनर, म्हणजे वरखाली सरकतो तो भाग, घेऊन परत येतात.

मी नाही करत. माझ्या टेबलावर पाटीच लावली आहे, बटण लावून देणार नाही, लावायला शिकवते. सुरुवातीला दोघातिघांना राग आला, एक गृहस्थ म्हणाले हे सर्व्हिस देणारं टेबल आहे ना, म्हटलं नाही, शाळा आहे, बसा.

आणि खरं सांगते, शिकवण्यासारखं फार नाहीये, चार गोष्टी आल्या की घरातलं बरंचसं काम निभतं. बटण लावताना बटणाखाली एक आगकाडी धरायची, टाके घालून झाले की काडी काढायची आणि बटणाखाली जी ढिलाई राहते तिच्याभोवती दोरा चार-पाचदा गुंडाळून गाठ मारायची, जाड कोटाचं बटण मग काजात आरामात बसतं आणि तुटत नाही. चेन लागते पण मागून उघडत जाते, तर चेन बदलायची नसते, रनर सैल झालेला असतो, त्याच्या दोन्ही कडा पकडीनं थोड्या थोड्या दाबायच्या, एकदम जोर लावला तर रनर तुटतो आणि मग खरंच बदलावी लागते. जीन्सला ठिगळ आतून लावायचं, आणि ते भोकाएवढं कापायचं नाही, भोकाभोवतीचं जे विरलेलं कापड आहे त्याच्याही बाहेर जाईल एवढं कापायचं, कोपरे गोल, मशीनला 16 नंबरची सुई आणि वरून पुढेमागे पुढेमागे टिपा. खरं तर भोक पडायच्या आधीच आणा असं मी सांगते, पँट उजेडासमोर धरली की कुठे विरलीये ते दिसतं, पण तेव्हा कोणी आणत नाही.

रफू मात्र वेळ घेतं आणि तेच शिकवायला मला सगळ्यात आवडतं. लोकरीच्या मोज्याच्या टाचेला भोक पडलं की आतून लाकडी मशरूम, म्हणजे मशरूमच्या आकाराचा लाकडी ठोकळा, घालायचं, नसेल तर लिंबू घाला, कापडाला नुसता गोल आधार हवा. भोकाच्या कडेपासून बोटाच्या रुंदीएवढं लांब, चांगल्या कापडात सुरुवात करायची, आधी सगळे उभे धागे टाकून घ्यायचे, वळताना धागा ओढून घट्ट करायचा नाही, छोटासा फासा सुटा ठेवायचा कारण धुतल्यावर लोकर आटते, आणि मग आडवा धागा, एकाच्या वरून एकाच्या खालून, पुढच्या ओळीला उलट. बाजेची नवार विणताना पाहिली असेल तर हेच. पंधरा मिनिटं लोक कंटाळतात आणि मग एकदम, जाळी दिसायला लागली की, बोलायचे थांबतात. एक विद्यार्थी मुलगा मुद्दाम भगव्या धाग्यानं निळा मोजा रफू करून गेला, आता ही फॅशन आहे, दिसलं पाहिजे. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती ठिगळ मिरवता होय, तिच्या काळी रफू दिसला म्हणजे रफूवाला कच्चा.

आता मुद्द्यावर येते. मागच्या वर्षी पुण्याला गेले तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी माझे फोटो बघून लिहिलं की आपणही असा कॅफे सुरू करू, फुकट दुरुस्ती, पर्यावरण वगैरे. पटापट अंगठे आले. मी आईला कौतुकानं सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, तिथे तुमच्याकडे कोणी करून देणारं नाही म्हणून तुम्ही करता. इथे चौकात तो अल्टरवाला बसलाय ना, वीस-तीस रुपयांवर त्याचं घर चालतं. तुम्ही सुशिक्षित लोक रविवारी हौस म्हणून फुकट बसणार आणि त्याचं गिऱ्हाईक पळवणार?"

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं कारण ती बरोबर होती. आपल्याकडे दुरुस्ती मेलेली नाही अजून. मिक्सरवाला आहे, छत्रीवाला पावसाळ्यात येतो, पेठांमध्ये रफू करून मिळेल अशा पाट्या आहेत. रफूगारी ही तर पिढीजात कला आहे, उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगार पश्मिना शालींचं काम करतात आणि नीट केलेला रफू शोधूनही सापडत नाही. आपल्याकडे कमी आहे ती दुरुस्ती करणारी माणसं नाही, कमी आहे ती घरात सुई धरणारी माणसं, आणि त्या अल्टरवाल्याच्या हातातली कला ही कला आहे असं मानणारे लोक. नेदरलँड्सचं मॉडेल जसंच्या तसं उचलून आणलं तर ज्या माणसाला टिकवायचं त्याच्याच पोटावर पाय येणार. फुकट शिवून देणं वेगळं आणि शिवायला शिकवणं वेगळं, आपल्याला दुसरं पाहिजे, आणि शिकवणारा पैसे घेऊन शिकवणारा पाहिजे.

मग आम्ही तसंच केलं. क्लबहाऊसमध्ये एका रविवारी दुपारी, त्या अल्टरवाल्या काकांनाच बोलावलं, त्यांचा दिवसाचा जेवढा धंदा होतो तेवढे पैसे आधी ठरवून, सोसायटीच्या फंडातून. आमच्या सेक्रेटरींनी जरा कुरकुर केली, व्हॉलंटियर म्हणून नाही का येणार ते, म्हटलं तुम्ही ऑडिट करता ते व्हॉलंटियर म्हणून करता का. काका आधी बिचकले, मला काय शिकवता येणार ताई, मी सातवी पास. पण मुलांना समोर बसवलं आणि कात्री हातात घेतली तशी त्यांची भाषाच बदलली. हातापेक्षा लांब दोरा घेऊ नका, गुंततो. इस्त्री आधी, टीप नंतर. एका आयटीतल्या मुलानं विचारलं की शर्टची कॉलर घासली तर काय करायचं, तर काकांनी त्याच्याच शर्टची कॉलर उसवून उलटी करून परत बसवून दाखवली, घासलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर, शर्ट नवा. मी एवढी वर्षं शिवतेय, मला ही युक्ती माहीत नव्हती. आयटीवाला मुलगा बघतच राहिला. आणि हे सांगायलाच हवं की आलेल्यांत पुरुष निम्म्याच्या आसपास होते, साठीच्या पुढचे दोन काका पहिल्यांदा आयुष्यात स्वतःचं बटण लावत होते आणि त्यांच्या बायका मागे उभं राहून व्हिडिओ काढत होत्या.

गिऱ्हाईक पळालं का, तर उलट झालं. बटण आणि उसवलेली शिवण लोक घरी करायला लागले असतील, पण त्यात काकांना तसंही फार मिळत नव्हतं, आणि आपल्याला जमणार नाही ती कामं, लायनिंग, कॉलर, जॅकेटची अख्खी चेन, ती घेऊन लोक आता त्यांच्याकडे जातात आणि घासाघीस कमी करतात, कारण एकदा स्वतः चाळीस मिनिटं रफू केलं की पन्नास रुपये जास्त वाटत नाहीत. हे मला आईनं फोनवर सांगितलं, ती आता या प्रकरणाची सगळ्यात मोठी प्रचारक.

कोणाला आपल्या सोसायटीत किंवा शाळेत करायचं असेल तर खर्च फारसा नाही. सुया, दोन-तीन रंगांचा दोरा, पकड, आगकाड्या, आणि सगळ्यांना घरून एक फाटका कपडा आणायला सांगा, नवीन कापडावर शिकवू नका, त्यात मजा येत नाही. दहाबारा लोकांच्या वर घेऊ नका. मिक्सरवाल्यालाही बोलवता येईल, पण तिथे करंटचा प्रश्न असतो, त्याला जाणकार माणूस शेजारी हवाच. आणि टेलरला बोलावणार असाल तर गणपती ते दिवाळी अजिबात नको, ब्लाऊजचा सीझन असतो, आमचे काका तर तेव्हा फोनसुद्धा उचलत नाहीत.