लॅपटॉप दिंडीच्या ट्रकात

यंदा माउलींच्या पालखीसोबत आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालले, साधारण २५० किलोमीटर. एवढे दिवस सलग सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून थोडी रजा आणि थोडं काम तिथूनच, असं ठरलं होतं. जमतं का असं बरेच जण विचारतायत म्हणून लिहितेय.

नेटवर्कची काळजी सगळेच करतात, पण खरा प्रश्न लॅपटॉप ठेवायचा कुठे हा आहे. सामान दिंडीच्या ट्रकात आणि ट्रक पुढच्या मुक्कामाला, म्हणजे दिवसभर लॅपटॉप हाताशी नाहीच. मग एक दिवस पाठीवर घेतला, तोही नेमका पुणे ते सासवड, सगळ्यात मोठा टप्पा. दिवे घाटात पाऊस आला आणि मी अभंग सोडून बॅगेवरचं प्लास्टिक सरकलं का तेच बघत राहिले. वर पोचल्यावर फार वाईट वाटलं. वर्षभर ज्या घाटाची वाट बघितली तो धड बघितलाच नाही!

सासवडला पालखी दोन रात्री असते. तिथूनच मॅनेजरला फोन करून सांगितलं, चालायच्या दिवशी रजा लावा, पालखी चालत नाही, एकाच गावी थांबलेली असते त्या दिवशी पूर्ण काम करते. ते लगेच हो म्हणाले, आधीच विचारायला हवं होतं.

संध्याकाळी तळावर लाखो फोन एकदम चालू, साधा मेल जात नाही. रात्री अकरानंतर सगळे झोपले की बरं चालतं. जनरेटर असेपर्यंत चार्जिंग, त्या एका बोर्डाला वीसेक फोन लटकलेले. "माउली, जरा तुमची पिन काढू का?" म्हटलं तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "काढ गं, माझं लेकाशी बोलून झालं."

आणि समाजआरतीच्या, म्हणजे संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या आरतीच्या वेळी कॉल ठेवू नका, काहीही होवो. वाल्ह्याला अर्जंट म्हणून मी एक घेतला, कसाबसा लागला. मागे टाळ-मृदंगाचा नुसता गजर, तेवढ्यात सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड वर केला आणि एवढा मोठा तळ क्षणात गप्प. फक्त एका दिंडीचे टाळ वाजत राहिले, म्हणजे त्यांची काहीतरी तक्रार होती, ती ऐकून घेतल्यावर तेही थांबले.

"हॅलो, आवाज गेला का तुमचा?" पलीकडून विचारलं.

नंतर करते म्हणाले, फोन ठेवला आणि हात जोडले.