आमची वाटचाल : घावन त्यांच्या हातून उलटलं पाहिजे

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा बायका उचलून बघतात आणि परत ठेवतात. दोन-सव्वादोन किलो वजन, काळा रंग. ‘हा रोज कोण उचलणार?’ हा प्रश्न ठरलेला. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून तवे आणून मी आणि माझ्या जाऊबाई पुण्यात विकू लागलो, तेव्हा प्रदर्शनाच्या स्टॉलवर हेच चालायचं. मग नात्यातल्या एका वहिनींनी भिशीला बोलावलं. म्हणाल्या, “सांगू नकोस, करून दाखव.”

त्या भिशीत पहिली तीन घावनं चिकटली. चौदा जणी बघत होत्या. तवा तेल लावून, तापवून मुरवलेला होता, पीठ रोजचंच. चूक माझ्या घाईची. वहिनींकडे इंडक्शन होतं आणि मी एकदम पूर्ण आच दिली. बिडात उष्णता सावकाश पसरते. मधे तवा करपत होता, कडेला गार. असं एकदम तापवलं तर बीड तडकूही शकतं. मी तिथेच चूक सांगितली, तवा खरवडला, मंद आचेवर दहा मिनिटं ठेवला. चौथं घावन जाळीदार सुटून आलं. त्या दिवशी तीन तवे विकले गेले.

आता आदल्या दिवशी फोन करून विचारतेच : गॅस की इंडक्शन, ओट्यापाशी किती जणी उभ्या राहतील? बारापेक्षा जास्त जणी नकोत, मागच्यांना काहीच दिसत नाही. तांदळाचं पीठ ताकाइतकं पातळ भिजवून डब्यात नेते. तेल लावायला अर्धा कांदा किंवा वांग्याचं देठ. चातुर्मासात बऱ्याच घरी दोन्ही चालत नाहीत, तेव्हा नारळाची शेंडी. श्रावणात वरीच्या पिठाची घावनं करते, म्हणजे उपवास असलेल्यांनाही चव बघता येते. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवांमुळे एकेका दिवसात दोन घरं होतात. तेव्हा जाऊबाई दुसरा तवा घेऊन वेगळ्या निघतात.

पहिलं घावन मी घालते, दुसरं घरच्या बाईंना घालायला लावते. उलथनं कडेखाली सरकतं आणि घावन आपसूक सुटतं, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. ऑर्डर मी त्यानंतरच लिहून घेते, आधी कधीच नाही. आणि चिंच, कोकम, टोमॅटोचं काही बिडात शिजवू नका, हे विकण्याआधी सांगते. आंबटाने तव्याचा मुरलेला थर उतरतो, पदार्थाला लोखंडाची चव येते. हे ऐकून कुणी बिडाची कढई घ्यायचा विचार सोडला तरी चालेल.

महिन्याने प्रत्येकीला फोन असतो. परवा एकींच्या तव्याला गंज चढला होता, रात्रभर सिंकमध्ये राहिला म्हणून. संध्याकाळी गेले, घासला, पुसून कोरडा केला, तेलाचा पातळ हात फिरवून त्यांच्याच गॅसवर पुन्हा मुरवला. निघताना त्यांच्या सासूबाईंनी आप्पेपात्राची चौकशी केली.