कंड्या पिकवणाऱ्यांच्या गावी

बाबा कराडहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे पिट्सबर्गला आले होते. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन सगळं ठरल्यासारखं झालं, भरपूर चाललो, भरपूर फोटो काढले. पण मला लिहायचंय ते वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन दिवसांबद्दल, कारण परत येऊन महिना झाला तरी ते डोक्यातून जात नाहीयेत.

बाबांना उडत्या तबकड्यांचं वेड शाळेपासूनच. रद्दीच्या दुकानातून मासिकं आणायची, कात्रणं वहीत चिकटवायची, वहीला खाकी कव्हर. ती वही अजून आहे. पण गेल्या काही वर्षांत त्यांचा रस तबकड्यांवरून तबकडीवाल्यांकडे सरकलाय, म्हणजे आकाशात काय दिसलं यापेक्षा ते पाहणारे, त्याचा शोध घेणारे लोक आपसात काय बोलायचे, कोण कुणावर जळायचं, कुणी कुणाला टोपी घातली हे. त्यासाठी मी त्यांना जिम मोझलीच्या ‘सॉसर स्मिअर’चे जुने अंक नेटवरून प्रिंट काढून पाठवायचे. मोझली हा एका मेजर जनरलचा मुलगा, १९५० च्या दशकात या विषयात पडला आणि २०१२ मध्ये जाईपर्यंत त्यातच राहिला. त्याचं हे पत्रक म्हणजे तबकडीवाल्यांच्या जगाचा पार! कुणाचं कुणाशी फाटलं, कोण कुणाला खोटारडा म्हणाला, सगळं तिखटमीठ लावून. स्वतःला शिव्या घालणारी पत्रं तर तो आवडीने छापायचा. ज्यांना अंक जायचा त्यांना म्हणायचा ‘नॉन-सबस्क्रायबर’. बाबा म्हणतात हा माणूस आमच्या प्रीतिसंगमावर संध्याकाळी येऊन बसला असता तर पहिल्याच दिवशी आमच्यात मिसळून गेला असता.

तर या मोझलीचा जिवलग दोस्त म्हणजे ग्रे बार्कर, वेस्ट व्हर्जिनियाचा, पोटापाण्यासाठी थिएटरांना सिनेमे बुक करून द्यायचा. तबकडीवाल्यांना गुप्त ठेवा म्हणून धमकावणारी काळ्या सुटातली माणसं सगळ्यांना माहिती असतात ना, ती लोकांच्या डोक्यात बसवली ती त्याच्या १९५६ च्या पुस्तकाने. कनेक्टिकटच्या अल्बर्ट बेंडरने १९५३ मध्ये आपली तबकडी संघटना अचानक बंद केली, तीन माणसं येऊन दम देऊन गेली म्हणून सांगितलं, आणि बार्करने त्या एवढ्याशा गोष्टीतून अख्खं पुस्तक उभं केलं. त्याचे कागदपत्र क्लार्क्सबर्गच्या लायब्ररीने जपून ठेवलेत. बाबांना ते बघायचे होते, बाकी काही नको म्हणाले.

पिट्सबर्गहून आय-७९ हायवे धरून सरळ दक्षिणेला दोन तास. वाटेत खाण्याचे हाल होणार हे माहिती होतं, तिकडे जिथे तिथे पेपरोनी रोल, शाकाहारी माणसाने काय खायचं, म्हणून बाबांनी आदल्या रात्री स्वतः दशम्या केल्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. माझा सल्ला विचाराल तर तुम्हीही डबा न्या.

लायब्ररीच्या शेजारीच वॉल्डोमोर नावाचा १८३९ सालचा विटांचा वाडा आहे, बार्करचा संग्रह तिथे. आधी फोन करून वेळ घेतली होती. तिथल्या बाईंनी बाबांना ज्या आदराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कराड कुठे आहे हे नकाशावर शोधून काढलं, ते मी विसरणार नाही. अमेरिकेत इतकी वर्षं राहून असं अगत्य मला फार कमी ठिकाणी मिळालंय.

मग फाइली आल्या. टाइप केलेल्या पत्रांच्या कार्बन कॉप्या, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद, मागच्या बाजूने बोट फिरवलं तर पूर्णविराम जिथे जिथे होते तिथे टोचतं. बाबांनी आयुष्यभर ऑफिसात टाइपरायटर बडवलेला, ते कागद उजेडाकडे धरून म्हणाले, “यातला ‘ई’ शाईने भरलाय बघ, याने टाइप साफ केलेले नाहीत.” अर्धा दिवस आम्ही तिथे होतो. वाचता वाचता मध्येच बाबा खळखळून हसायचे आणि मग त्या शांत खोलीत दोन्ही हात जोडून सॉरी म्हणायचे. पत्रांमध्ये तबकड्या कमी आणि माणसंच जास्त. दूरदूरच्या गावातले एकटे लोक, त्यांच्या गावात त्यांना येडं ठरवलेलं, आणि पोस्टाने येणारी ही कुचाळकीच त्यांची सोबत. मला वाटतं गॉसिपला आपण उगाच नावं ठेवतो, त्या लोकांना तेवढाच कट्टा होता.

पण बाबांना बघायचं होतं ते स्ट्रेथ प्रकरण. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. जॉर्ज अॅडम्स्की म्हणून कॅलिफोर्नियात एक गृहस्थ होते, १९५२ मध्ये वाळवंटात शुक्रावरचा माणूस भेटला असं सांगायचे आणि जगभर त्यांचे भक्त होते. १९५७ च्या शेवटी बार्करच्या हाती अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे कोरे लेटरहेड लागले आणि एका रात्री त्याने आणि मोझलीने बसून पत्रंच्या पत्रं टाइप केली, तबकडीवाल्या बड्या बड्या लोकांना. त्यातलं एक अॅडम्स्कींना. सांस्कृतिक देवाणघेवाण समितीचा कुणी आर. ई. स्ट्रेथ लिहितोय की तुमचं म्हणणं खरं असल्याचा पुरावा आमच्या दप्तरी आहे, उघडपणे पाठिंबा देता येत नाही पण काम चालू ठेवा. अॅडम्स्की हरखून गेले, ते पत्र मिरवायला लागले. खात्याने सांगितलं असा माणूस नाही, अशी समितीही नाही, तर भक्त म्हणाले बघा, किती गुप्त आहे! अॅडम्स्की १९६५ मध्ये गेले. बार्कर डिसेंबर १९८४ मध्ये गेला आणि जानेवारी १९८५ मध्ये मोझलीने छापून टाकलं की ती आमची करामत होती. २७ वर्षं दोघांनी पोटात ठेवलं.

हा किस्सा बाबा कराडच्या ग्रुपमध्ये दहादा सांगून झालेला, दरवेळी सगळे हसून लोळायचे. त्या दिवशी मात्र ते वाचून हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मला वाटलं दमलेत.

संध्याकाळी फ्लॅटवुड्सकडे निघालो. थोड्याच वेळात लॉस्ट क्रीकचा फाटा लागला. याच गावाजवळ १९६६ मध्ये बार्कर-मोझली जोडीने मासे धरायच्या गळाला खेळण्यातली तबकडी टांगून गाडीतून फिल्म काढली होती आणि मोझली ती व्याख्यानांत दाखवायचा. मी म्हटलं बाबा, उतरायचं का, तुमची आवडती जागा. तर म्हणाले, “नको. गाडी चालव, मला तुला एक सांगायचंय.”

आणि मग सांगितलं. १९८६ साली त्यांच्या सेक्शनच्या हेडक्लार्कना, अत्यंत सरळ माणूस, वेळेच्या आधी येणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, बाबांनी आणि त्यांच्या एका दोस्ताने मुंबईच्या मुख्य कार्यालयाच्या लेटरहेडवर अभिनंदनाचं पत्र टाइप करून पाठवलं होतं. आपल्या सचोटीची वरिष्ठांनी नोंद घेतली आहे वगैरे. दोन दिवस मजा बघू आणि सांगून टाकू असं ठरलेलं. पण हेडक्लार्कनी दुसऱ्याच दिवशी अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले. बाबांनीही खाल्ला. मग सांगायचं कसं? आज सांगू उद्या सांगू करत ते रिटायर झाले, २०११ मध्ये वारले. बाबा भेटायला गेले तर हॉलमध्ये भिंतीवर ते पत्र, फ्रेम केलेलं, खाली बाबांनीच मारलेली खोटी सही.

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार? माझ्या लहानपणापासून मी बाबांना हसवणारा माणूस म्हणून ओळखते, त्यांच्या थापांवर आमचं घर हसत वाढलंय. गाडीत पुढचा अर्धा तास फक्त इंडिकेटरचा आवाज.

मोटेल भिकार होतं, चादरीला सिगरेटचा वास, त्याबद्दल मी वेगळं लिहीन.

सकाळी सटन गावात फ्लॅटवुड्स मॉन्स्टरचं म्युझियम पाहिलं. १२ सप्टेंबर १९५२ ला संध्याकाळी शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांना आकाशातून काहीतरी जळत डोंगरावर पडताना दिसलं, पोरं, त्यातल्या दोघांची आई आणि नॅशनल गार्डमधला एक १७ वर्षांचा मुलगा टॉर्च घेऊन वर गेले आणि त्यांना तीन मीटर उंच काहीतरी दिसलं, इस्पिकच्या पानासारखं डोकं. नंतर संशोधक म्हणाले पडली ती उल्का आणि फांदीवर होतं ते घुबड. बार्कर मूळचा याच ब्रॅक्सटन काउंटीचा, हीच बातमी ऐकून तो पहिल्यांदा चौकशीला धावला आणि त्याचा सगळा प्रवास इथून सुरू झाला. आता काउंटीत त्या राक्षसाच्या आकाराच्या मोठ्या मोठ्या रंगीत खुर्च्या आहेत, लोक बसून फोटो काढतात.

तसल्याच एका खुर्चीत बसून बाबांनी कराडला फोन लावला. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, प्रीतिसंगमावर ग्रुप जमलेला. स्पीकरवर टाकून बाबांनी क्लार्क्सबर्गचं सगळं वर्णन केलं, कार्बन कॉप्या, तो ‘ई’, सगळं. पलीकडून हसणं, कुणीतरी ओरडलं “अमेरिकेतली कुचाळकी पार्सल करून आण!” मग बाबा म्हणाले, “आपल्या लेटरहेडचं काय करायचं रे?” पलीकडचा आवाज एकदम थांबला. कुणाचं तरी खोकणं, लांबून घंटा. मग त्या दोस्ताने स्पीकर बंद केला असावा, आवाज जवळून आला. म्हणाले, “असू दे. त्या घरात सून सणाला त्या फ्रेमला हार घालती. तू कुणासाठी सांगणारैस, त्यांच्यासाठी का तुझ्यासाठी?”

बाबा म्हणाले, “मोझलीनं सांगितलं की.”

“ऐकणारा मेल्यावर सांगितलं,” ते म्हणाले.

मला आजही कळत नाही दोघांत कुणाचं बरोबर. मी स्वतः दोस्ताच्या बाजूची आहे, ती फ्रेम तशीच राहावी असं मला वाटतं, कारण त्यात लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं, फक्त सही खोटी होती. बाबांना हे पटत नाही. पॉइंट प्लेझंटला मॉथमॅनचा, म्हणजे तिथल्या दंतकथेतल्या पंखवाल्या माणसाचा, पुतळा बघायला गेलो आणि त्या दिवसात आणखी दोनशे किलोमीटर गाडी चालवली, पण खरं तर आम्ही दोघं तेवढा वेळ हेच भांडत होतो.

म्युझियममधून बाबांनी दोन पोस्टकार्डं घेतली होती, दोन्हींवर तो इस्पिकच्या डोक्याचा राक्षस. एक ग्रुपला गेलं, पोचलंही, त्यांनी फोटो पाठवला. दुसऱ्यावर हेडक्लार्कच्या मुलाचं नाव आणि पत्ता लिहिलाय, बाबांच्या त्या वळणदार अक्षरात, तिकीटही लावलंय. मजकुराची बाजू कोरी आहे. बाबा परवा गेले, जाताना ते कार्ड कात्रणांच्या वहीसाठी न्यायचं म्हणून बॅगेत घातलं, मग बाहेर काढलं आणि माझ्या फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून गेले.